शेवटच्या ओळीचं पाणी

प्रवासाला निघताना माणूस उत्साहात असतो म्हणे. मी निघाले तेव्हा मला फक्त झोप हवी होती. कॉलेजचं स्नेहसंमेलन नुकतंच संपलं होतं आणि जेवणाची जबाबदारी प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातली होती. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना पालेभाजीतलं कळत असणार, असा त्यांचा हिशेब असावा. त्या भानगडीत माझी रजा बारा दिवस पुढे गेली. सांगलीहून नागपूर गाठेपर्यंत पाठीचं लाकूड झालं, आणि तिथे मध्य प्रदेशातल्या सौंसरची, म्हणजे मला जायचं होतं तिथली, बस डोळ्यांदेखत सुटली. मग कुणीतरी म्हणालं, पॅसेंजर धरा, पांढुर्ण्याला उतरा, तिथून मिळेल बस. धरली.

माझ्यासारखी एकेचाळीस वर्षांची बाई एवढा आटापिटा कशासाठी करते, ते आधीच सांगून टाकते. संत्र्याच्या फांदीवर पानाच्या बगलेत एक डोळा असतो, मोहरीच्या दाण्याहून लहान. तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर आत नुसता पेशींचा घुमट दिसतो. सगळ्या पेशी एकसारख्या, कुणीही कुणापेक्षा वेगळी नाही. आणि काही दिवसांत त्याच घुमटातून पाच निदलं, पाच पाकळ्या, पुंकेसरांचं कडं आणि मधोमध दहा-अकरा फोडींची सुरुवात, सगळं जिथल्या तिथे उभं राहतं. आपण संत्रं सोलून फोडी मोजतो, त्या फोडी झाड कधीच मोजून बसलेलं असतं. या एकसारख्यांच्या घोळक्यात कोण कुणाला सांगतं की तू पाकळी हो, तू फोड हो? माझ्या प्रबंधाचा विषय हाच. नोंदणी करून अकरा वर्षं झाली होती, शेवटची मुदतवाढ संपत आली होती आणि माझे मार्गदर्शक सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. हा हंगाम हुकला असता तर मी आयुष्यभर ‘सौ.’च राहिले असते.

पांढुर्णा

स्टेशनबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि हवेत उडणारी कापसाची तुसं. हॉटेलात पोहे मागितले तर वर तर्री ओतून आले, लालभडक. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतात. इथे डोळ्यांतून पाणी काढतात. हॉटेलवाला मराठीत बोलत होता, भिंतीवरची पाटी हिंदीत होती, आणि माझ्यात ना ऐकायची ताकद होती, ना वाचायची.

सौंसरच्या बसमध्ये मात्र माझी चांगलीच शोभा झाली. माझ्या पिशवीत काचेच्या दोन मोठ्या बाटल्या होत्या. कळ्या झाडावरून तोडल्या की लगेच त्यात बुडवायच्या, म्हणजे पेशी आहेत तशाच थिजून राहतात. त्यात अल्कोहोल असतं, आणि वास काही झाकत नाही. कंडक्टर दोनदा हुंगत पुढे गेला आणि तिसऱ्यांदा थांबला.

“बाईजी, पिशवीत काय घेऊन राहिल्या?”

“औषध आहे झाडांचं.”

“झाडं बी पिऊन राहिले का आजकाल?” मागच्या बाकावरून एक फेटेवाले आजोबा म्हणाले आणि सगळी बस हसली.

मी वैतागले होते. म्हटलं, घ्या, वास घ्या, आणि बूच काढून बाटली कंडक्टरच्या नाकाशी धरली. आत फॉर्मॅलिनही असतं, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! पुढच्या मिनिटाला तो, आजोबा आणि चार बाकांवरचे लोक डोळे चोळत खिडक्या उघडत होते. “बाप्पा, हे दारू नाई, हे तर मरन हाय,” आजोबा म्हणाले. सौंसर येईपर्यंत माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. मला आडवं व्हायला जागा मिळाली, तेवढं बरं झालं.

सौंसर

बोरकर गुरुजी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवतात. गेल्या वर्षी बगीचे शोधत फिरताना त्यांनीच मला रामाकोन्याच्या वाटेवरच्या सुखदेव ढोके यांच्याकडे नेलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात सव्वीस जानेवारीच्या कागदी पताका अजून लटकत होत्या. गुरुजींनी मला पाहिलं आणि नमस्कार न करता कपाळाला हात लावला.

“मॅडम, आल्या तुम्ही! अहो, सुखदेवनं पाणी नाही सोडलं अजून.”



तिकडच्यांना हे सांगावं लागणार नाही, पण माझ्या गावच्या वाचकांसाठी सांगते. संत्र्याचा आंबिया बहार आणायचा तर थंडीत झाडांचं पाणी तोडतात. दीड-दोन महिने थेंब द्यायचा नाही. याला ताण देणं म्हणतात. झाड कासावीस होतं, पानं मलूल पडतात. मग नेमका दिवस पाहून भरपूर पाणी सोडायचं, की ते झाड जिवाच्या आकांताने फुलतं. म्हणजे घुमट कामाला लागण्याची वेळ माणूस ठरवतो, आणि माझ्यासारखीला तेच हवं होतं. पहिल्या पाण्याच्या आधीचे डोळे, आणि नंतर रोजचे. डिसेंबरात मी पत्र लिहिलं होतं, ‘संक्रांत झाली की लगेच येते. मी आल्याशिवाय पाणी सोडू नये.’ आणि मग रजा लांबली. दोन ओळींचं कार्ड टाकायचं होतं, की माझी वाट पाहू नका. टाकते टाकते म्हणत राहून गेलं. अडीचशे पानांच्या जेवणाच्या याद्या केल्या मी, पण एक कार्ड टाकलं नाही.

“मी सांगितलं त्याला,” गुरुजी स्कूटरला किक मारत म्हणाले, “चार दिवस झाले तेव्हाच म्हटलं, सोड बाबा पाणी, मॅडमचं काही खरं नाही. तर म्हणतो, शबद देल्ला हाय.”

बगीचा

रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे बगीचे ओले होते. आळ्यांतली माती काळी चकाकत होती आणि फांद्यांच्या टोकांना बारीक पोपटी फूट दिसत होती. मग ढोक्यांचा बांध आला. आतली झाडं राखेच्या रंगाची. पानं सुरळी होऊन लोंबत होती, खाली पानांचा थर पडला होता. मी स्कूटरवरून उतरले.

सुखदेव विहिरीपाशी मोटरच्या डब्याजवळ उभे होते. पन्नाशीचा सडपातळ माणूस, अंगात धुतलेला पांढरा सदरा. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जास्त लागलं.

“या मॅडम. आम्ही वाट पाहून राहिलो होतो. तब्येत तर बरी हाय न जी?”

“अहो, माझ्या तब्येतीचं काय घेऊन बसलात! पाणी का नाही सोडलंत?”

“तुमीच लिवलं होतं न. मॅडम येईन, डोळे पाहीन, मंगच पानी. आधी सोडलं असतं तं तुमचं काम बिघडलं असतं.”

गेल्या वर्षी मी या माणसाला गुरुजींच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याच झाडाची कळी दाखवली होती. बराच वेळ डोळा न काढता पाहत राहिला होता. ‘वीस साल झाले संत्रा लावून,’ म्हणाला होता, ‘पन आत काय चालू राह्यते ते कोनी दाखवलंच नाई.’ मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची किंमत आता समोर उभी होती.

त्यांची बायको कौसल्याबाई विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. ती मात्र गप्प बसणारी नव्हती.

“बारा दिस झाले मी म्हनून राहिली याइले, बाई शिकलेली हाय, तिले काई वाटनार नाई, लावा मोटर. पन हे आयकतच नाईत. साऱ्या बगीच्याइले फूट आली, अन् आमची झाडं पाहा.”

“मोटर लावा,” मी म्हटलं. “आत्ता लावा. मला डोळे नकोत.”

हे मी खरंच म्हटलं. पण किती जिवावर आलं होतं ते मलाच ठाऊक. पाण्याआधीचा डोळा नाही, तर पुढच्या सगळ्या कळ्यांना अर्थ नाही, आणि अकरा वर्षं पाण्यात.

सुखदेवांनी मान हलवली. “बारा दिस थांबलो, आता अर्धा घंटा थांबत नाई काय? लाइन आत्ताच आली, चार वाजेपर्यंत राह्यते. तुमी घ्या तुमच्या हातानं.”

मी घ्यायला नको होतं. घेतलं. शेवटच्या ओळीलगत बांधावर कडुनिंब होता, त्याच्या सावलीत बाटल्या मांडता येत होत्या, म्हणून तिकडेच गेले. चिमटा दोनदा पडला. डोळा मोडला तर दुसरा, दुसरा चिरडला तर तिसरा. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला, मग तास. विहिरीपाशी सुखदेव मोटरच्या बटणाजवळ हात बांधून उभे, आणि कौसल्याबाई एकदा सूर्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. शेवटी मी हात वर केला. मोटर घुरघुरली आणि दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, पाणी धावत निघालं. पहिल्या झाडाच्या आळ्यात पाणी शिरलं तेव्हा मातीने असा आवाज केला की मला रडूच आलं.

एक ओळ भरली, दुसरी, तिसरी. सुखदेव फावड्याने पाण्याची वाट, म्हणजे बारं, वळवत होते, मीही साडी खोचून चिखलात उतरले. आठवी ओळ भरत आली आणि मोटर थांबली. चार वाजले होते, लाइन, म्हणजे वीज, गेली होती. शेवटची नववी ओळ, कडुनिंबाशेजारची, कोरडीच राहिली.

“उद्या,” सुखदेव म्हणाले.

संध्याकाळी उतरत्या उन्हात घरासमोर बसून आम्ही जेवलो. पत्र्याचं घर, भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर. ज्वारीची भाकर, वांग्यात घातलेले तुरीचे हिरवे दाणे, ज्याला इथे सोले म्हणतात, आणि जवसाची चटणी. आमच्याकडे भाकरी पातळ थापतात, ही जाड आणि मऊ. इतकी चव मला कधी लागली नव्हती आणि इतका संकोचही कधी वाटला नव्हता. कौसल्याबाईने तिसरी भाकर वाढली आणि तिथेच बसली.

“बाई, एक इचारू? राग नोका मानू.”

“विचारा की.”

“तुमी डोळे तोडले ते शेवटच्या ओळीतले. मोटर तं पहिल्या ओळीपासून चालते. तिथवर पानी जायले तीन-साडेतीन घंटे लागते. मंग मोटर लावून तुमी तिकडं तोडत बसल्या असत्या, तं तुमाले काय फरक पडला असता? पानी काई उडत जाते का?”

माझा घास हातातच राहिला. गुरुजी चटणीकडे पाहू लागले. सुखदेव म्हणाले, “चूप वो,” पण त्यांच्याही चेहऱ्यावर आत्ताच दिवा लागल्यासारखं झालं होतं. आम्ही दोघं शिकलेसवरलेले आणि वीस वर्षं संत्री पिकवणारा बागायतदार, कुणाला म्हणून सुचलं नव्हतं. ते माझ्या शब्दाला चिकटून बसले आणि मी माझ्या बाटल्यांना. त्या एका तासात नववी ओळ भरून निघाली असती.

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “अगदी चुकलं.”

“जेवा आता,” कौसल्याबाई म्हणाली. “होईन उद्या.”

वाट पाहण्याचे दिवस

उद्या झालं नाही. दुसऱ्या दिवशी विजेची डीपी जळाली. वीज खात्याची माणसं आज येतो उद्या येतो करत राहिली. गुरुजी रोज सकाळी मला स्कूटरवरून बगीच्यात सोडत. मी पहिल्या आठ ओळींतून डोळे तोडायची, आणि मग आम्ही तिघं विहिरीतून बादल्या शेंदून शेवटच्या ओळीला घालायचो. झाडामागे चार बादल्या, पाच बादल्या. दोरीने माझ्या तळव्यांना फोड आले. खडू धरणारे हात, दुसऱ्याच दिवशी बोंब मारायला लागले. “घसा ओला करून राहिलो फक्त,” कौसल्याबाई म्हणायची, “पोट तं उपाशीच हाय त्याचं.” डीपी सहाव्या दिवशी दुरुस्त झाली तेव्हा त्या ओळीतल्या फांद्यांची टोकं वाळायला लागली होती.

मी इतकी दमत होते की बोरकरांच्या घरी पाठ टेकली की मेल्यासारखी झोपायची. लोधीखेड्याचा बाजार पाहा, तिथला चिवडा खा, असं गुरुजींच्या सौभाग्यवती रोज सांगत होत्या. मी काही पाहिलं नाही. इतक्या लांब जाऊन मी फक्त नऊ ओळी पाहिल्या.

आठवड्यानंतर सगळ्या झाडांना बारीक फूट आली. नवव्या ओळीलाही आली. सुखदेव लहान मुलासारखे प्रत्येक झाडाशी वाकून पाहत होते. मी म्हटलं, वाचली झाडं! कौसल्याबाई मात्र फांदी हातात धरून उभी होती.

“फूट तं आली. पन यात संत्रा हाय का नुसती पानं? तान जादा झाला न, तं झाड कधी कधी पानंच काढते. तुमी आत पाहता न बाई, मंग सांगा न.”

अकरा वर्षांत माझ्या विषयाचा असा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. परिसंवादांत लोक संदर्भ विचारतात, साल विचारतात. हिला हवं होतं ते उत्तर. आणि खरं सांगते, सुरुवातीचे दिवस ते मलाही देता येत नाही. पानाचा घुमट आणि फुलाचा घुमट, दोन्ही सारखेच. मग एखाद्या दिवशी फुलाचा घुमट पसरट होतो, आणि कडेला पाच उंचवटे येतात. पानाचा निमुळताच राहतो. तोवर देवाला हात जोडायचे, दुसरं काय!

“दोन दिवसांनी शाळेत या,” मी म्हटलं. “दोघंही या. तुम्हीच पाहा.”

सौंसर, शाळेची प्रयोगशाळा

रविवार होता. गुरुजींनी खिडकीशी सूक्ष्मदर्शक ठेवला, आरसा उन्हाकडे वळवला. मी सुईने कळ्यांचे बाहेरचे पापुद्रे काढत गेले. पहिली ओळ, पसरट घुमट, पाच उंचवटे. दुसरी, तसंच. चौथी, सहावी, आठवी. मला आनंद लपवता येईना. मी उठले आणि कौसल्याबाईला बसवलं.

“एक डोळा मिटा. दिसलं? मधे चौथरा, आणि भोवती पाच ढेकळं?”

तिने नळीला डोळा लावला. मग म्हणाली, “रांगोळीचे ठिपके टाकल्यासारखे हायत न वो. हे संत्रा हाय?”

“हे संत्रं आहे.”

तिने तोंडाला पदर लावला. सुखदेव खिडकीबाहेर पाहत हसत होते.

मग मी नववी ओळ घेतली. एक कळी सोलली. निमुळती. दुसरी झाडं घेतली. निमुळत्या. चौदा झाडांच्या कळ्या सोलल्या, हात थांबेना माझा. कुठे तरी एखादी पसरट निघेल म्हणून पुन्हा पुन्हा पाहिलं.

“पानं हाय न?” कौसल्याबाईने विचारलं.

“हो. पानं आहेत.”

मला वाटलं, आता ती बोलेल, बोलायला हवंच होतं. सुखदेव पुढे आले आणि निमुळती कळी स्वतः पाहिली, तशीच, डोळा न काढता. मग म्हणाले, “झाडं तं जगली. पानं असली तं पुढच्या साली फूल येईन. मॅडम, तुमचं काम झालं न पुरं?”

“झालं,” मी म्हटलं, आणि मला स्वतःचीच शरम वाटली. निघताना कौसल्याबाईने माझ्या पिशवीत बाटल्यांच्या मधे भाकरी आणि चटणी बांधून ठेवली, बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. “रस्त्यात खाजा,” म्हणाली. “अन् आता कुठं जायचं असन तं आधी एक कारड टाकत जा, बाई.”

घरी

परत आल्यावर कळ्या मेणात घातल्या, कापल्या, रंगवल्या. महिना गेला. पाठ अजून दुखते. सुखदेवांना मी घरी पोचल्याचं कार्ड मात्र पहिल्याच दिवशी टाकलं.

परवा सर प्रयोगशाळेत आले आणि पाण्याआधीची स्लाइड लावून बसले. पुष्कळ वेळ पाहिलं. घुमट स्वच्छ आला होता, एकही पेशी फाटलेली नाही, सगळ्या एकसारख्या, लाल किनारीच्या. अकरा वर्षांत इतका सुरेख छेद मला कधी जमला नव्हता.

“वा!” सर म्हणाले. “याच्यावर प्रबंध उभा राहील तुमचा. काय गंमत आहे पाहा, इथे काहीच ठरलेलं नाही. यातून पानही होईल, फूलही होईल. सांगता येणारच नाही कुणाला.”

मी स्लाइडच्या कडेची चिठ्ठी पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ओळ नववी.

“मला सांगता येतं, सर,” मी म्हटलं. “याला पानं आली. मी तासभर आधी आवरलं असतं, तर संत्री लागली असती.”